चिकाची भांडी

"रिकामं भांडं माझ्या दारातनं जायाचं न्हाई," असं म्हणत आक्का पदर खोचून पाटावर धारेला बसायच्या. आष्ट्यात आमच्या शेजारीच त्यांचं घर आणि मागं गोठा. गाय व्याली की चिकासाठी अख्खी गल्ली पातेली घेऊन हजर. खरवस फुकटचा असला की आम्हा सगळ्यांना शेजारधर्म आठवायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच.

एकदा त्यांची काळीपांढरी, एचएफ जातीची गाय व्याली. आक्कांनी सगळ्यांची भांडी भरली. शेवटी त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या, त्याही भलीमोठी चरवी घेऊन. जावेला नाही म्हणणं आक्कांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी कास पार निपटून काढली.

दुपारी गाय बसली ती उठेना. मान वळवून तिनं पोटाशी टेकवली.

"अगं, कान बर्फावानी पडल्यात हिचं!" आक्का ओरडल्या. मी डॉक्टरांना फोन लावला.

ते आले आणि त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडायला घेतलं, अगदी सावकाश. गाईचे डोळे थिजले होते.

"जरा भराभर सोडा की वो!"

"भराभर सोडलं तर हृदय बंद पडेल. चीक किती काढलात?"

"समदा. गल्ली दारात हुती न्हवं."

"अहो, चिकाबरोबर तिच्या अंगातलं कॅल्शियम उपसलंत तुम्ही."

आक्का खाली बसल्या आणि त्यांनी गाईचं डोकं मांडीवर घेतलं. बाटली संपता संपेना. मग गाईच्या अंगावर थरथर उठली, तिनं ढेकर दिली, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. आक्कांनी डॉक्टरांना सोडून गाईलाच हात जोडले. पण शेणात पडून राहिल्यानं पुढं कास सुजली आणि एक सड कायमचा गेला.

पुढच्या वेताला आक्कांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळेवर खनिज मिश्रण चालू केलं. गाय व्याली, पातेली आली. आक्का दारातच उभ्या होत्या.

"यंदा चीक वासरापुरताच. कास रिकामी करायची न्हाई," असं म्हणत त्यांनी प्रत्येक भांड्यात गुळाचा खडा टाकला. आम्ही मुकाट्यानं परतलो. जाऊबाईंनी मात्र गूळ उंबऱ्यावर ठेवला आणि बोलणंच टाकलं.

संध्याकाळी आक्का गाईचा कान धरून बसलेल्या दिसल्या. "कान गरम हाय बघ," त्या म्हणाल्या, "पर माझी जाऊ तुटली गं." मला फार वाईट वाटलं.

आक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. परवा तीच गाय पुन्हा व्याली. गल्लीतून एकही पातेलं निघालं नाही. मी गोठ्यात डोकावले तर जाऊबाई तिथं बसलेल्या, हात गाईच्या कानावर. मी आल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"गरम हाय गं," त्या आक्कांच्या रिकाम्या पाटाकडं बघून सांगत होत्या.