कंदीलवाल्याचा पूल

किस्से म्हणजे ढोलीतल्या धानासारखे असतात बावा. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी. वरून काढत जा, वाटत जा, संपतच नाही. सगळ्यात जुनं धान मात्र पार बुडाशी असतं, तिथवर हात लवकर पोचत नाही. वरचे किस्से मी सतरा वेळा सांगितले आहेत. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, ड्युटीवर. बुडातला एक आहे, तो आजवर कोणाला सांगितला नव्हता. आज सांगतो, पण मला माझ्या पद्धतीनं वरूनच सुरुवात करू द्या!

आम्ही चौघं, गाव अड्याळ. प्रमोद, गुरुजींचा पोरगा. त्याच्या मामानं नागपूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. गुड्डू, ज्याला तो गेम कधीच आला नाही. गणेश उर्फ गन्या, त्याचा बाप तलावात मासे धरायचा. त्याला गेम सगळ्यांत चांगला यायचा. आणि मी मोरेश्वर, म्हणजे मोरू. मला स्वतःला फारसं जमायचं नाही, पण बाकीच्यांना शिकवायला मी एक नंबर!

गेमचं खरं नाव काय होतं ते आजही माहीत नाही. कॅसेटवरचं स्टिकर अर्धं फाटलेलं होतं. एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन खड्डे, काटे, भिंती उड्या मारत पार करतो. कंदिलातलं तेल संपलं की मेला. आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो. शेवटी एक मोडका पूल, त्यापलीकडे दार. त्या दारात काय आहे, हे अख्ख्या अड्याळात कोणाला माहीत नव्हतं.

*

तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. प्रमोदचे वडील, आमचे गुरुजी, भूगोल शिकवायचे. वर्गात अजून जुनाच नकाशा टांगलेला. गुरुजींनी खडूनं मधोमध रेघ मारली आणि म्हणाले, "एवढा आपला, एवढा त्यायचा."

सहामाहीचे पेपर वाटले. माझे, प्रमोदचे आणि गुड्डूचे मार्क पाहून गुरुजींनी पुन्हा एकदा नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अबे, जिल्हा अर्धा झाला हे मले समजते. पण तुमचे मार्क कायले अर्धे झाले?"

*

या गेममध्ये 'सेव्ह' नावाची भानगड नव्हती. बंद केला की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग! लाईन यायची, जायची, आणि आमचा कंदीलवाला दिवसातून दोनदा विनाकारण मरायचा. म्हणून लाईन असली की गेम नुसता 'पॉज' करून ठेवायचा आणि टीव्हीवर टॉवेल टाकायचा, म्हणजे कोणी हात लावणार नाही.

एकदा शेजारचे भाऊजी बातम्या बघायला आले. हात टॉवेलकडे गेला तसा गुड्डू आडवा झाला, "नोका उठवू भाऊजी, झोपून हाय तो!"

गुरुजी पडवीतून ओरडले, "टीव्ही हाय का बाळंतीण हाय रे? सकाळपासून झाकून ठेवली!"

*

गुड्डूची गोष्ट निराळी. कंदीलवाल्यानं उडी मारली की हा स्वतःही मारायचा. डावीकडे जायचं असलं की अख्खा डावीकडे कलायचा. एक दिवस मोठा खड्डा आला, गुड्डूनं बटण दाबलं आणि खाटेवरून सरळ फरशीवर! पुढचा अर्धा दात तुटला. काकू, म्हणजे प्रमोदची आई, हळद घेऊन धावली.

गुड्डू रक्ताळलेल्या तोंडानं टीव्हीकडे बोट दाखवून म्हणतो, "मी पडलो त पडलो काकू, तो पार झाला न!"

आता गुड्डूचं पवनीला मोबाईलचं दुकान आहे. दात अजून अर्धाच आहे. गिऱ्हाईकानं विचारलं तर सांगतो, "गेममध्ये गेला."

*

गन्या खाटेवर बसायचा नाही. उंबरठ्यावर बसायचा. "पाय चिखलाचे हायेत," म्हणायचा. मग पाय धुतलेले असले तरी तिथंच. त्याच्या अंगाला मासोळीचा वास यायचा, आणि आम्हीही कधी "आत ये" म्हणालो नाही.

अडचण एकच होती. गेमच्या रिमोटची तार उंबरठ्यापर्यंत पोचायची नाही. आम्ही चौघांनी बराच विचार केला आणि शेवटी टीव्हीचा टेबलच दाराकडे सरकवला!

हा किस्सा मी पुष्कळ वर्षं हसून सांगायचो. लोकही हसायचे. एके दिवशी माझ्या बायकोनं, रेखानं, विचारलं, "मंग त्यालेच आत बोलवाचं होतं न?" त्यानंतर मी तो सांगणं बंद केलं.

*

पण हात काय होते गन्याचे! लहानपणापासून जाळी विणलेली बोटं. आम्ही पुलाच्या पहिल्या फळीवर मरायचो. फळीवर पाय पडला की ती खाली जायची, आम्ही घाबरून उडी मारायचो, पुढची फळी त्याहून जोरात खाली, की गेलाच पाण्यात.

एक दिवस गन्या बराच वेळ नुसता त्या पुलाकडे पाहत बसला. मग एकदम म्हणाला, "समजलं मले! पूल कसा पार कराचा ते समजलं!"

"कसा बे?"

त्यानं रिमोट सरळ केला, आणि लाईन गेली. आम्ही चौघंही ओरडलो. पहिल्यापासून सगळं खेळून तिथवर पोचायला दोन तास लागायचे.

"सांग न तोंडानं!" मी म्हटलं.

"तोंडानं नाई समजत. उद्या दाखवतो."

*

दुसऱ्या दिवशी कॅसेट नव्हती.

खाटेखाली पाहिलं, टेबलामागे पाहिलं, गुरुजींच्या वह्यांमध्ये पाहिलं. काकू सकाळीच बपेऱ्याला माहेरी गेली होती, तिच्या घरचं कोणी वारलं होतं. आणि तेवढ्यात गन्या आला. हातात टोपली, त्यात काकूसाठी बापानं दिलेल्या ताज्या मासोळ्या.

"काल शेवटी कोण गेलं होतं?" हे मी विचारलं. प्रमोदनं नाही, गुड्डूनं नाही. मी.

"मीच," गन्या म्हणाला. "काहून?"

"टोपली दाखव."

तो हसला. त्याला वाटलं गंमत चालली आहे. मी टोपली घेतली आणि अंगणात उलटी केली. मासोळ्या मातीत पडल्या. कॅसेट नव्हती. तरी मी म्हटलं, "घरी ठेवली असन. याच्याच घरी टीव्ही नाई, म्हणून नेली." ज्याच्या घरी टीव्ही नाही तो कॅसेट नेऊन करणार काय, एवढी साधी अक्कल मला तेव्हा आली नाही. आली असती तरी मी थांबलो असतो का, देव जाणे.

गन्या खाली बसला. एकेक मासोळी उचलून, फुंकून टोपलीत ठेवली. प्रमोद आणि गुड्डू तोंडं दुसरीकडे करून उभे होते. तो गेला, आणि परत कधीच आला नाही. थोड्या दिवसांनी शाळेतही यायचा थांबला.

*

होळीनंतर प्रमोदच्या घरची ढोली उघडली. कॅसेट धानात!

झालं असं होतं. त्या सकाळी टेबल पुसताना काकूच्या हातून लोटा सांडला आणि कॅसेट भिजली. आमच्याकडे काहीही भिजलं की धानात घालतात. घड्याळ भिजलं, धानात. रेडिओ भिजला, धानात. काकूनं कॅसेट ढोलीत खुपसली, संध्याकाळी काढू म्हणून. तेवढ्यात बपेऱ्याचा निरोप आला. ती घाईत गेली, आणि दुपारी गड्यांनी ढोलीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकलं. आठ दिवसांनी ती परतली तेव्हा तिच्या डोक्यातून कॅसेट गेलीच होती.

आम्ही तिला विचारलं का नाही? कायले विचारणार! चोर तर आम्हाला सापडला होता न!

प्रमोदनं मला बोलावून कॅसेट दाखवली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. "गन्याले सांगा लागते," प्रमोद म्हणाला. मी म्हटलं, "उद्या जाऊ."

उद्या परीक्षा होती. मग सुट्ट्या लागल्या. मग मी आयटीआयला भंडाऱ्यात आलो. गन्याचं लग्न कारध्यात झालं आणि तो नदीवर मासे धरायला तिकडंच राहिला, असं कोणीतरी सांगितलं. मी कारध्याच्या पुलावरून शेकडो वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी खाली नदीत डोंगे, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या छोट्या होड्या, दिसायचे, आणि प्रत्येक वेळी मी गाडीचा स्पीड वाढवायचो. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

*

ज्या लाईनीनं आमचा गेम खाल्ला, तिच्याच खात्यात मला नोकरी लागली. सब-स्टेशनला ऑपरेटर. आता लोक मला शिव्या देतात.

यंदा गुड्डूचा फोन आला. "मोऱ्या, कंदीलवाला वापस आला!" जुना गेम कोणीतरी नव्यानं बनवला होता, हातात धरून खेळायच्या डब्ब्यावर. मी त्याच दिवशी पवनीला जाऊन घेऊन आलो. आमच्या वेळी कंदीलवाल्याचं तोंड म्हणजे तीन ठिपके. आता त्याला मिशा आहेत, तो हसतो, पाण्यात त्याची सावली पडते. पूल मात्र तोच.

आणि एक नवीन बटण. ते दाबून धरलं की खेळ मागं मागं जातो. मेलास? मागं ये, परत उडी मार. रेखाला दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, "लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत जाते का हे?"

मी दुपारच्या ड्युटीवर खेळायचो. एकदा पहिल्या फळीवर असताना फोन वाजला. "साहेब, लाईन काहून गेली?"

"थांबा हो, मी पुलावर आहो!"

"मंग उतरा न पुलावरून! पंप बंद हाय आमचा!"

शंभर वेळा तरी मागं गेलो असेन. प्रत्येक वेळी तीच घाबरून मारलेली उडी, तेच पाणी. हा पूल पार करणं ज्याला समजलं होतं असा माझ्या माहितीतला माणूस एकच होता.

*

एका रविवारी सकाळी कारध्याच्या घाटावर गेलो. गन्या डोंग्याजवळ बसून जाळं सांधत होता. केस पांढरे झालेले. मला पाहून उठला नाही.

"काय गा मोरू. लाईन गेली का कुठं?"

म्हणजे मी काय करतो ते त्याला ठाऊक होतं. काय बोलावं ते घरून पाठ करून गेलो होतो, पण एक अक्षर आठवेना. खिशातून डब्बा काढून पुढं केला. "पुलावर अटकलो आहो."

त्यानं हात लुंगीला पुसले, डब्बा उलटासुलटा करून पाहिला. "तार कुठं हाय याची?"

"तार नाई लागत आता."

"बरं झालं," तो म्हणाला.

बोटं नव्या बटणांवर बसेपर्यंत कंदीलवाला दोनदा मेला. मी म्हटलं, "मांगं जाचं बटन हाय न." म्हणाला, "राहू दे. पहिल्यापासून खेळतो." तिसऱ्यांदा पुलावर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिली फळी खाली जायला लागली.

"उडी मार गन्या!"

"चूप राय."

तो हललाच नाही. फळी पाण्यात गेली, कंदीलवाला गुडघ्यापर्यंत बुडाला, मग कमरेपर्यंत, मग नुसता कंदील वर राहिला. मी श्वास धरून बसलो. आणि फळी हळूच वर आली, तरंगायला लागली, आणि धारेनं आपोआप पलीकडे निघाली.

"डोंगा हालला का उडी नाई मारा लागत," गन्या म्हणाला. "बसून राहा लागते. घाबरला तोच बुडते."

कंदीलवाला दारासमोर जाऊन उभा राहिला. मला आता दाराचं काही पडलं नव्हतं.

"गन्या, ते कॅसेट..." मी म्हटलं. "ढोलीत सापडली होती. तवाच. चुकलं गा माह्यं."

"मालूम हाय."

"कसं काय?"

"ढोली रिकामी कराले माही मायच होती न मजुरीले. तिनंच काढली, पदरानं पुसली अन् काकूच्या हाती देल्ली. घरी येऊन मले सांगतलं." त्यानं नदीकडे पाहिलं. "मी चार दिवस तलावावर नाई गेलो. म्हटलं, पोट्टे येतीन, अन् मी घरी नाई दिसलो त वापस जातीन."

मला रडू आलं. लपवलं नाही. त्यानं मला रडू दिलं.

मग म्हणाला, "ते मांगं जाचं बटन कोणतं म्हणतं?"

मी दाखवलं. त्यानं ते दाबून धरलं. कंदीलवाला दारापासून मागं आला, पाण्यात गेला, वर आला, फळीवर आला, पुलाच्या या टोकाला येऊन उभा राहिला. गन्यानं डब्बा माझ्या हातात ठेवला आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"आता तू खेळ," तो म्हणाला. "नाई जमलं त उद्या येजो."