हळदीकुंकवाबाहेरच्या बायका

शेवगावजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी तेव्हा कारकून होतो. माझी थोरली बहीण फार लवकर विधवा झालेली. ती माझ्याकडेच राहायची. आम्ही तिला अक्का म्हणत असू. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे घर तीच चालवायची. सत्तरनंतरची ती पहिली दुष्काळी वर्षं होती.

नगरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाई गावोगाव जाऊन बायकांच्या छातीत गाठ आहे का, ते हाताने तपासत. आमच्या गावात त्यांचं शिबिर ठरलं आणि बायका जमवायचं काम माझ्याकडे आलं. सरकारी शिबिर म्हणजे मूल बंद करायचं ऑपरेशन, एवढंच लोकांना ठाऊक. मी ओसरीवर आलो की बायका आत निघून जात.

संक्रांत तोंडावर होती. मला वाटलं, शाळेत हळदीकुंकू ठेवावं. तिळाचा लाडू आणि वाण म्हणून साबणाची वडी द्यावी, आणि पलीकडच्या खोलीत पडदा लावून तपासणी करावी. केंद्राच्या साहेबांना ही कल्पना फार आवडली. मलाही आवडली होती.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट बजावली होती. तिशीपुढच्या सगळ्या बायका आधी मोजून ठेवा. त्यांतल्या किती आल्या हे कळलं, तरच पुढच्या आकड्यांना अर्थ. मी घरोघर फिरून मोजणी केली. विधवांना सोडलं. हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं कसं? आणि बोलवायचं नाही, तर मोजायचं कशाला? हे मला इतकं सरळ वाटलं की त्यावर मी क्षणभरही थांबलो नाही.

लाडू अक्काने वळले. वळता वळता तिने विचारलं, "ती डाक्टरीन नुसती इचारती, का हात लावून बघती?"

"हात लावून."

"मग मी येऊ का?"

"तिथं हळदीकुंकू हाय, अक्का."

"व्हय की. इसरलेच." ती हसली. "लाडवाला तेवढा माजा हात चालतो म्हना."

ती का विचारते आहे, हे मी विचारलं नाही.

शिबिराला गर्दी झाली. पडद्याआडून एक बाई बाहेरच्यांना ऐकवत होती, "मला बघाया आल्ते तवा सासूनंबी एवढं बघितलं न्हवतं." बाहेरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी व्हरांड्यात साबणाच्या वड्या वाटत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

दुपारनंतर डॉक्टरबाई आकडे घेऊन बसल्या. बोलावलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्या आल्या होत्या. संशय यावा अशी गाठ एकीचीही नव्हती.

"शहरातसुद्धा इतक्या येत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण वयस्कर बायका फार थोड्या दिसल्या. हा रोग वयाबरोबर वाढतो. गावात म्हाताऱ्या नाहीत का?"

"आहेत बाई. पण त्यांतल्या बऱ्याच विधवा आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ज्या येणारच होत्या, तेवढ्याच तुम्ही मोजल्यात. मग सगळ्या आल्या यात नवल काय? आणि एकही सापडली नाही, यावरून गावात रोग नाही असं मी लिहू?"

साहेबांनी तेच आकडे वर पाठवले. त्यांची स्वच्छ प्रत मी केली. त्या संध्याकाळी तरी मी अक्काला विचारायला हवं होतं. मी तिला सांगितलं की लाडू सगळ्यांना आवडले.

उन्हाळ्यात तिच्या चोळीवर डाग दिसू लागला, तेव्हा तिने सांगितलं. एसटीने आम्ही नगरला गेलो. डॉक्टरबाई त्याच होत्या. गाठ कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासनं."

"मग शिबिराला का नाही आलात?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. "लाडू वळायचे हुते," ती म्हणाली.

तिचं ऑपरेशन झालं.

पुढच्या थंडीत पुन्हा शिबिर घेतलं. हळदीकुंकू नाही, वाण नाही. या खेपेला सगळ्या मोजल्या. विधवांच्या घरी मी स्वतः गेलो. हात नीट वर होत नसतानाही अक्का माझ्याबरोबर आली. तरी निम्म्याही बायका आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांतल्या दोघींना पुढच्या तपासासाठी नगरला पाठवावं लागलं. दोघीही विधवा होत्या. प्रमाण एवढं का घसरलं, म्हणून साहेब माझ्यावर चिडले. गेल्या खेपेला सगळ्या मोजल्याच नव्हत्या, हे मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही.

शाळेच्या खोलीत हिशेब चालला होता, तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती.

"औंदा मला मोजलंस का रे?"

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोग आधीच कळला असेल, तर बोलवायच्या बायकांत धरत नाहीत. शिबिर ज्यांचं कळलेलं नाही त्यांच्यासाठी असतं."

"म्हंजी या खेपेलाबी न्हाई," अक्का म्हणाली, आणि पडद्याची घडी घालायला उठली. एका हाताने तिला ते जमेना. मी दुसरं टोक धरलं.