पाठीतल्या गार जागेची चौकशी: वळसंग ते भवानी पेठ

फेब्रुवारीचा शेवट, सोलापूर स्टेशन, डोक्यावर रणरणतं ऊन आणि माझ्या खांद्यावर लोकरीची शाल. रिक्षावाल्यानं आरशातून दोन-तीनदा बघून घेतलं आणि शेवटी विचारलंच, "ताई, ताप हाय का?"

"नाही हो, पाठ गार पडते."

त्यानं मान डोलावली आणि एसटी स्टँड येईपर्यंत एक अक्षर काढलं नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा.

ही सहल का काढली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखे गप्प व्हाल. अम्मा, म्हणजे माझी आई, गेली त्याला दीडएक वर्ष झालं. तेव्हापासून माझ्या पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, एक जागा गार राहायला लागली. दुखत नाही, खुपत नाही, नुसती गार. डॉक्टर झाले, फोटो झाले, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. नवरा म्हणाला पंख्याखाली बसू नकोस. पंखा बंद केला. मग म्हणाला थंड पाणी पिऊ नकोस. त्याचे उपाय संपले तरी जागा गारच. मग शाल आली ती उतरेचना. ऑफिसात मला सगळे 'काश्मीर' म्हणायला लागले.

ऑफिसातल्याच एका मैत्रिणीनं या शिबिराचं सांगितलं. वळसंगजवळ एका शेतावर एक निवृत्त शिक्षिका डोळे मिटून बसवतात आणि शरीरात काय जाणवतंय त्याचे प्रश्न विचारत राहतात. मी म्हटलं, ध्यान का? ती म्हणाली, ध्यान म्हण नाहीतर चौकशी म्हण, पण जा. आता गंमत बघा, मी सोलापूरची, भवानी पेठेत वाढलेली, आणि वळसंगचा पत्ता मला पुण्यात कळावा! खरं सांगायचं तर अम्माचे दिवस झाल्यापासून मी सोलापूरला पाऊलच टाकलं नव्हतं. जायची ओढ रोज लागायची आणि तिकीट काढायची वेळ आली की हात आखडायचा. अम्मा नसलेल्या सोलापुरात करायचं काय, हे कळत नव्हतं. शिबिर हे आपलं निमित्त.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून सकाळची गाडी सोयीची, दुपारच्या आत पोचवते. पुढं अक्कलकोटच्या एसटीनं वळसंगला उतरायचं. दोन्ही तिकिटं मिळून पुण्यात दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढीसुद्धा होत नाहीत. फाट्यापासून शेत चालत गाठता येतं, पण टोपी घ्या. मी गेले तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती आणि सगळीकडे वाळल्या कडब्याचा वास होता. तो नाकात गेला आणि मला एकदम फार घरी आल्यासारखं वाटलं. मग आठवलं की घरी कुणी वाट बघत नाहीये.

शेतावर एक पत्र्याची लांब खोली, पुढं कडुनिंब, मागं गोठा. शिक्षिकांचं नाव महानंदा, पण सगळे त्यांना बाईच म्हणतात. आमच्याशी मराठी, स्वयंपाकघरात कन्नड आणि गाईला रागवायचं झालं तरी कन्नडच. फी नाही, जाताना डब्यात मनाला येईल ते टाकायचं. सतरंजी मिळते, पांघरूण आपलं आणायचं. माझी शाल बघून बाई म्हणाल्या, "तुमी तर तयारीनंच आलायसा की!"

पहिल्या बैठकीत मी माझी सगळी कहाणी मनात जुळवून बसले होते. आई गेली, त्याचा धक्का, तो पाठीत बसला वगैरे. तोंड उघडलं तर बाईंनी हात वर केला.

"कारण नको. कारणं घरी लई झाली असतील. कुटं हाय ते सांगा."

हाच त्यांचा एकमेव नियम. कुटं हाय, केवडं हाय, कसलं हाय, हलतंय का थांबलंय. आणि शेवटी दर वेळी एक प्रश्न, "आन् हे कळतंय कुणाला?" त्याचं उत्तर लगेच द्यायचं नाही, नुसतं शोधत बसायचं.

माझ्या शेजारी नातेपुत्याचे अण्णा होते. खताचं दुकान, बीपीची गोळी, आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद. त्यांच्या छातीवर दगड होता.

"केवडा हाय?" बाईंनी विचारलं.

"आमच्या भावाएवडा!"

डोळे मिटलेले असताना सगळी खोली हसली. बाईपण हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. "भाऊ ऱ्हाऊ दे नातेपुत्यात. हाताएवडा हाय का डोक्याएवडा, ते बगा." अण्णांनी छातीवर हात फिरवून बघितला. मग बारीक आवाजात म्हणाले, "दगड न्हाय बाई. मूठ हाय. आवळलेली."

मला मात्र पहिल्या दिवशी काही म्हणजे काही सापडलं नाही. गार आहे, आहे, आहे, आणि मग डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या भाजीपासून नवऱ्याच्या पंख्यापर्यंत सगळं. चिडचिड झाली. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही आलं म्हणून निभावलं. पुण्यात मिळते ती शेंगाची चटणी नव्हे, तो नुसता दाण्याचा कूट. ही अशी तेल सुटलेली असते की बोटं चाटावी लागतात. अम्मा उखळात कुटायची ती अशीच असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन कडुनिंबातून आत आलं होतं. बाई माझ्या समोर येऊन बसल्या.

"केवडं हाय?"

"भाकरीएवढं."

"गार हाय ते आतनं का भायेरनं?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी बघत राहिले, म्हणजे मिटल्या डोळ्यांनी. "बाहेरून," मी म्हटलं. "अंथरुणात पाठीशी झोपलेलं माणूस उठून गेलं की आपली ती बाजू गार लागते ना, तशी."

"हं. हलतंय का?"

नाही म्हणणार होते, आणि तेवढ्यात कळलं की हलतंय. अगदी बारीक. डाव्या बाजूला जास्त. एक घासणं, एक छोटा झटका, मग थोडं थांबणं, परत घासणं. बाई म्हणाल्या, "नाव देऊ नका. ऱ्हावा तितंच." पण नाव मी दिलंच नाही, ते माझ्या आधीच तिथं येऊन बसलं होतं.

पेठेतल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पुरुष मागावर कापड विणायला आणि बायका विड्या वळायला, असं चालायचं. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर दिवसभर सूप असतं, त्यात पानं, तंबाखू, दोरा, कात्री. मांडी सुपानं अडवलेली, दोन्ही हात गुंतलेले. लेकराला मिळते ती आईची पाठ. मी शाळेतून आले की दप्तर टाकायची आणि अम्माच्या पाठीला पाठ लावून बसायची. अभ्यास तसा, गोष्ट तशी, रुसणं तसं. पाठीला पाठ लावली की तिचा उजवा हात माझ्या डावीकडे येतो. पान वळलं की घासणं, दोरा आवळून तोडला की झटका. मग दुसरं पान. सगळं लहानपण मी हे पाठीनं ऐकलंय. पुण्याला होस्टेलमध्ये गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीच्या पाठीला जाऊन टेकले, तर ती बिचारी दचकून पलंगावरून उठली. तिला वाटलं मला चक्कर आली. माणसं अशी बसत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

तिथं वळसंगला, दहा-बारा अनोळखी माणसांत, मी हमसून हमसून रडले. मला धक्का बसला नव्हता, कसलं ओझं नव्हतं. मला माझी आई हवी होती, एवढंच. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. अण्णांनी डोळे न उघडता आपला रुमाल माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळानं बाईंनी त्यांचा तो प्रश्न विचारला, "आन् ही थंडी वाजतीया कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "अजून कुणाला!"

"बगा की. घाई न्हाय."

शेवटच्या दिवशी निघताना हुग्गी होती, गव्हाची, गुळाची, वर तूप. अण्णा दोन वाट्या खाऊन नातेपुत्याकडे निघाले. मी मात्र पुण्याची गाडी न धरता भवानी पेठेत उतरले. तिथं माझी चिन्नम्मा आहे, अम्माची धाकटी बहीण. तीसुद्धा आयुष्यभर विड्या वळत आली आणि अजून वळते. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा ती पाठ कुठं मिळते का बघावी.

गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट कानात भरला. पूर्वीपेक्षा कमी झालाय, पण आहे. चिन्नम्मा दारातच होती, भिंतीला टेकून, मांडीवर सूप. मला बघून तिनं हात थांबवला नाही. "रा, कूसो," म्हणाली. ये, बस. आमच्या घरची बोली तेलुगू, पुढचं बोलणंही तिच्यातच झालं, इथं मराठीत लिहिते.

"जरा पुढं सरक की."

"कशाला गं?"

"सरक गं तू."

कुरकुरत ती सुपासकट पुढं सरकली. मी तिच्या मागं जाऊन, भिंतीकडे तोंड करून, पाठीला पाठ लावली. एक घासणं, एक झटका. हात अगदी तोच. पाठ ती नव्हती. चिन्नम्मा हडकुळी, तिची हाडं टोचतात. अम्माची पाठ रुंद होती, मऊ होती, ब्लाउजला घाम असायचा. मी डोळे मिटून जीव तोडून ती आठवत होते, आणि जवळ येऊनही ती येत नव्हती. वळसंगपेक्षा इथं जास्त दुखलं.

"जड झालीस गं," चिन्नम्मा म्हणाली. हातातली विडी पुरी केली. मग म्हणाली, "अक्का अशीच बसायची तुझ्याबरोबर."

"मी बसायचे तिच्याबरोबर. मी टेकायचे तिला."

"तू?" ती हसली. "अगं, तुमच्या त्या खोलीत तिला टेकायला भिंत होती का? एका भिंतीला माग, एकीला तुझ्या आजोबांची खाट, एकीला चूल, एकीला दार. मधोमध बसायची बिचारी, सकाळपासून, कशाला टेका न लावता. दुपारी माझ्याकडं पानं मागायला आली की म्हणायची, निघते गं, सुजी येईल शाळेतून. सुजी आली की जरा टेकते."

माझी पाठ ताठ झाली. चिन्नम्माला ते कळलं असणार, पण ती बोलत राहिली.

"तू पुण्याला गेलीस तेव्हा आठवडाभर मधेच बसली, सवयीनं. मग आजोबांची रिकामी खाट हलवली आणि भिंतीला गेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, भिंत गार लागते गं. मग गोणपाट ठोकलं की तिथं."

ते गोणपाट मला माहीत होतं. सुट्टीत आले की भिंतीवर दिसायचं, दुहेरी घडी करून चार खिळ्यांनी ठोकलेलं. मला वाटायचं साडीला चुना लागू नये म्हणून. मी तिला चिडवलंही होतं, काय गं, भिंतीला स्वेटर घातलायस का? ती हसली होती. आणि 'बस जरा' म्हणाली होती, मला आठवतंय.

 चिन्नम्माचं सूप भरेपर्यंत तशीच बसून राहिले आणि मग चहा पिऊन स्टेशनवर गेले.

आता पुण्यात परत येऊन तीन आठवडे झालेत. ज्यांना जायचंय त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून मगच जा, बाईसुद्धा हेच सांगतात. बरं होण्याची हमी तिथं कुणी देत नाही. माझी जागा अजून गारच आहे. शाल तेवढी कपाटात गेली, कारण आता ती थंडी पांघरूण घालून घालवावीशी वाटत नाही. बाईंच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र बदललंय. थंडी वाजत होती ती मला एकटीला नव्हती. माझ्या आधी कितीतरी वर्षं ती अम्माला वाजत होती.

संध्याकाळी कामं उरकली की मी हॉलच्या मधोमध, भिंतीपासून लांब, सतरंजी टाकते. नवरा विचारतो, टेकायला उशी देऊ का? मी नको म्हणते. डोळे मिटते, पाठ जरा सैल सोडते आणि मनातल्या मनात सांगते, अम्मा, आले गं मी शाळेतून. टेक जरा.