इथे सारखं निघालं की रिजेक्ट

आमच्या बायकोइतकी पत्त्याची पक्की बाई अख्ख्या नाशकात झाली नाही, होणार नाही. मेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणून बोलत नाही. ती जिवंत असताना मी तिच्याबद्दल एक बरा शब्द काढला नाही, हे सगळ्या सातपूरला ठाऊक आहे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आमच्या सायबर कॅफेतला चार नंबरचा कॉम्प्युटर टेबलावर चढवणं. शनिवारची सकाळ होती. दुरुस्तीवाल्यानं त्याच्या आतलं सगळं पुसून परत दिलं होतं. ती म्हणाली, "याचा पत्ता आज तुम्ही घालायचा." मी म्हणालो, "तू आहेस ना?" म्हणाली, "मी आहेच. पण घाला." मी घातला, तो चुकला, ती पोट धरून हसली. "चहा घेऊ, मग तुमचा तुम्हीच दुरुस्त करा. मी हात लावायची नाही." चहानंतर छातीत जड वाटतंय म्हणून आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी अमरधामला नेलं. आणि रविवारी नऊला त्याच चार नंबरवर शेजारची अमिनाभाभी दुबईतल्या मुलाशी बोलणार होती. कॅमेरा तेवढा त्याच मशीनला. पोराला आठवड्यात तेवढा एकच तास मोकळा मिळायचा, आणि गेले दोन रविवार मशीन दुरुस्तीला, म्हणून भाभीनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बायकोनं तिला शब्द दिला होता.

दोन हजार सालानंतर माझा कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी पिठाची गिरणी टाका म्हणून सांगितलं. हिनं पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर आणले. शिकली दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. पण वायर ओढायला आलेल्या माणसाच्या मागं तीन दिवस अशी उभी राहिली, की तो जाताना हिलाच विचारून गेला, बाई, बरोबर झालं ना? तेव्हापासून तिला पत्त्यांचं वेड लागलं. गिऱ्हाईक ईमेल करायला यायचं आणि आधी पाठ ऐकायचं. "हे बघा, मशीनला नाव कळत नाही, आकडा कळतो. चार आकडे, मधे टिंब. एकेक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, त्यावर जात नाही. आपल्या दुकानात पहिले तीन सगळ्यांना सारखे, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य. ती झाली गल्ली. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा, ते झालं घर." काउंटरवरचा तिचा स्वतःचा कॉम्प्युटर दहा, आणि पुढं एक नंबरला अकरा, दोन नंबरला बारा, असं करत चार नंबरला चौदा. प्रत्येकाच्या कपाळावर खडूनं लिहिलेलं.

एकदा एका गिऱ्हाइकानं हटकलं, "मावशी, हीच गल्ली माझ्या ऑफिसातपण आहे." वाटलं, आता सापडली. ती म्हणाली, "असेल की. हा घरातला पत्ता, उंबऱ्याबाहेर तो चालत नाही. बाहेर जगाला आपल्या सगळ्या दुकानाचा मिळून एकच पत्ता दिसतो, तो कंपनी देते, आणि लाइन गेली-आली की कधी बदलूनही देते. भाड्याच्या खोलीसारखा. पत्र त्या पत्त्यावर येतं, आणि हा डबा ते कोणाचं ते बघून आत पोचवतो." डबा म्हणजे लुकलुकणारा राउटर. त्याला ती रोज पुसायची, मला जेवायला विसरायची. "आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचाही पत्ता लागतो हो, नाहीतर उत्तर येणार कुठं?" स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही तिनं आकडे टाकले. पाहुण्यांसमोर ओरडायची, "अहो, सतरा आणा." सतरात साखर. मलाही आकडा होता, एकशे सत्तावीस. कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतो तेव्हा तो आकडा वापरतो म्हणे. "तुम्हाला शोभतो," म्हणायची.

आता माझी चूक सांगतो. मी चौथी शिकलेला टर्नर. तीस वर्षं लेथवर एकच धर्म पाळला: चांगला नग समोर ठेवायचा आणि दुसरा हुबेहूब तसाच काढायचा. शनिवारीही तेच केलं. काउंटरवरचा चालतोय ना, मग त्याचे आकडे पाहून तसेच्या तसे चार नंबरमधे उतरवले. शेवटी दहासुद्धा. पडद्यावर पाटी आली, हा पत्ता आधीच दुसरं कोणी वापरतंय. तिला हसू आवरेना. "अहो टर्नर! एकाच नंबरची दोन दारं केलीत, पोस्टमननं कोणाच्यात जायचं? तुमच्या कारखान्यात सारखं निघालं की पास. इथे सारखं निघालं की रिजेक्ट."

रविवारी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. पावणेनऊला मी किल्ल्या घेतल्या. बहीण आडवी आली, "दादा, सुतकात दुकान उघडतोस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, नंबर लावून बसा."

अमिनाभाभी दुकानाच्या ओट्यावर रडत बसली होती. "भाऊ, आज राहू द्या. पुढच्या इतवारला बघू."

"तिनं शब्द दिलाय. ऊठ."

चार नंबर चालू केला. बिनबोभाट लागला, नेट आलं. मी चक्रावलो. मग उमगलं: काउंटरवरचा बंद होता, म्हणून तिचा दहा याला मिळाला. तिचा बंदच ठेवला असता तर काही अडलं नसतं. मागोमाग आलेली बहीण दारातून म्हणालीच, "चाललंय ना, मग वहिनीचं कशाला उघडतोस?"

मी चार नंबरपाशी बसलो. एका बोटानं दहा खोडला. चौदा घातला. दोनदा चुकलो. मग काउंटरवर जाऊन तिचा चालू केला. कुठंच पाटी आली नाही.

नऊला भाभीचा मुलगा पडद्यावर आला. आईचे डोळे पाहून घाबरला. मग मान तिरपी करून मागं शोधायला लागला. "अम्मी, मावशी दिसत नाहीत?"

भाभीनं माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोन मागून घेतला आणि त्याला मीच सांगितलं.

मग काउंटरपाशी गेलो. तिची खुर्ची रिकामी होती. मी शेजारच्या माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसलो. माझी जागा तीच.