चकचकीत केलेला पुरावा

मी लिहावे, असे मला कोणीही सुचवलेले नाही. निवृत्तीनंतर हाती वेळ आहे आणि घडलेला प्रकार दुसऱ्या कोणी सांगितला तर तो याहून वाईट दिसेल, एवढ्याच कारणास्तव हे धाडस करीत आहे. वाचकांनी क्षमा करावी. (सौभाग्यवतींनी अद्याप केलेली नाही.)

पडेगावला आम्ही घर घेतले, ते भिंतींना भुलून. आतल्या बाजूस प्लास्टरऐवजी परदेशातून आणलेले जिप्समचे बोर्ड बसवलेले होते. हात फिरवावा तर साय. "सर, बाहेरचा माल आहे," बिल्डर म्हणाला होता, "पुन्हा भिंतीकडं बघायचं कामच नाय." आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवूनही मी, माल बाहेरचा म्हणजे चांगलाच असणार, हा निष्कर्ष मुकाट्याने मान्य केला.

उन्हाळा आला आणि भिंतींना वास येऊ लागला. नासलेल्या अंड्याचा. आमच्या घरात अंडे कधीच आलेले नाही. त्यामुळे तो वास अंड्याचा आहे हे ओळखणारा मी एकटा निघालो, आणि तेथेच घात झाला.

"तुला रे कसं ठाऊक, अंड्याचा वास कसा असतो ते?" आईने विचारले.

"वाचलंय कुठंतरी."

"वास वाचता येतो व्हय?"

त्यानंतर देव्हाऱ्यातले चांदीचे टाक काळे पडले. आईने घासले, ते पुन्हा काळे पडले. मग शालिनीची (म्हणजे सौभाग्यवतींची) जोडवी काळवंडली. शेवटी शेजारचे सलीमभाई एसीची तांब्याची नळी घेऊन आले. तिला जणू काजळ फासले होते. त्यांच्याही घराला तेच बोर्ड होते.

"सर, मेकॅनिक बोलरा, दीवारां में से गॅस निकलरी. तांबा, चांदी, सब कू खारी."

मी निर्दोष सुटलो, पण आईचे समाधान झाले नाही. "गॅस असू दे न्हाय तर भूत. माझे देव काळे पडायलेत. भिंती बदलणार असशील तर मी हितं राहते, न्हाय तर देव घेऊन चालले तुझ्या मामाकडं छावणीत."

सलीमभाईंनी आणि मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने पाहणीसाठी एक कमिशनर नेमले. आमच्या वकिलांनी बजावले, "घर आहे तसंच ठेवा." सल्ला सोपा होता. त्यांना एवढेच ठाऊक नव्हते, की आमच्याकडे पाहुणा येणार म्हटल्यावर घर आहे तसे कधीच राहत नाही.

"अहो, एवढा मोठा माणूस यायचा आणि घरात हा वास?" शालिनी म्हणाली.

"वास घ्यायलाच तर येतायत ते."

"म्हणून काय त्या वासात बसवून चहा पाजायचा?"

आईने टाक घासले. शालिनीने पानाच्या डब्यापासून अत्तरदाणीपर्यंत सारी चांदी पांढरी शुभ्र केली. सगळ्या खिडक्या उघडल्या. सलीमभाईंच्या बेगमनी आपल्या घरी लोबान फिरवला आणि उरलेला अगत्याने आमच्याकडे पाठवला. मीही मागे राहिलो नाही. गुलमंडीवर जाऊन मोगऱ्याचे गजरे आणले आणि संशयित भिंतींवरच टांगले.

कमिशनरसाहेब आले. दारातच दीर्घ श्वास घेऊन म्हणाले, "वा, प्रसन्न वाटतंय." हातपाय धुऊन कोचावर बसले. शालिनीने चहा आणि भजी दिली. पहिला घोट घेऊन त्यांनी मला सरळ विचारले, "सध्या काय त्रास आहे तुम्हाला?"

घरी आलेल्या माणसाच्या हातात चहा असताना त्याच्यापुढे रडगाणे कसे गावे? मी म्हणालो, "छे छे, त्रास कसला? तुम्ही भजी घ्या."

अहवालात तिन्ही गोष्टी आल्या. घरात सुगंध आहे. चांदी चकचकीत आहे. अर्जदारांनी त्रास नसल्याचे स्वतः सांगितले.

"सर," सलीमभाई शांतपणे म्हणाले, "मेरी बेगम भी ईद के जैसा घर चमकाई. मगर मैं मुँह से तो कुछ नै बोला."

आईने टाक लाल कापडात बांधले. "भजी कर म्हणावं आता भिंतींची," एवढेच बोलून ती छावणीला गेली. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे शालिनी सवयीने दिवा लावी आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात जाई.

मग एके दिवशी बेसिनवरच्या फळीवर, साबणाच्या मागे, एक अंगठी सापडली. कमिशनरसाहेबांनी हात धुताना काढून ठेवलेली, चांदीची. तोवर ती कोळशासारखी झाली होती.

शालिनीचे डोळे भरून आले. "अहो, हीच न्या आयोगापुढं. अश्शी दाखवा. आई परत येतील."

सुनावणीच्या दिवशी मी अंगठी रुमालात बांधून नेली. आमचा पुकारा व्हायचा होता. व्हरांड्यात बसल्या बसल्या रुमाल सोडून पाहिले आणि मन खाऊ लागले. आपल्या घरी विसरलेली पाहुण्याची वस्तू, ती या अवस्थेत परत करायची? कोटाच्या खिशात जुन्या सवयीने खडूचा तुकडा असतोच. खडूने चांदी फार सुरेख निघते.

"अरे वा," कमिशनरसाहेब आयोगासमोर अंगठी बोटात घालत म्हणाले, "नव्यासारखी झाली की."

आमचे वकील खाली बसले. सलीमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, अब आगे का मैं देखतौं. तुमे कुछ करो नक्को."

त्यांनी फेरपाहणी मागितली आणि ती मिळाली. त्या दिवशी शालिनीने मला सकाळीच छावणीला धाडले. दोन्ही घरांच्या खिडक्या आदल्या दिवसापासून बंद होत्या. कमिशनरसाहेब नाकाला रुमाल लावून आत गेले आणि चहाला नाही म्हणून बाहेर आले. माझ्या गैरहजेरीत आम्ही खटला जिंकलो.

बिल्डरने सगळे बोर्ड काढून साधे प्लास्टर केले. महालक्ष्म्या बसायच्या आधी आई देवांसह परत आली. टाक पांढरे राहिले. ते पाहून ती इतकेच म्हणाली, "सलीमला जेवायला बोलाव. तू वाढायला थांब, बोलू नको."

रंगकाम संपले त्या दिवशी घरात मी एकटाच होतो. बिल्डरचा माणूस दिवाणखाना दाखवायला थांबला होता. भिंती गडद पोपटी झाल्या होत्या. आम्ही सांगितलेला रंग पांढरा होता. मी त्याला चहा दिला. तो कप हातात घेऊन म्हणाला, "रंग बरा हाय ना सर? का बदलायचा?"

हा मजकूर त्याच पोपटी दिवाणखान्यात बसून लिहीत आहे. खरे सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, तर त्याला काय म्हणाला असता?