पाटावर ठेवलेला मोठा पाना

जितेश,

याला पत्र म्हण नाहीतर कानउघाडणी म्हण, पण मोबाईल खाली ठेवून वाच. दर रविवारी तुझ्या मैदानावर लोक येतात, चारचाकी बाईकवर बसून चिखल उडवतात, फोटो काढतात आणि जाताना एखादा विचारतो, "ते बाबा दिसत नाहीत हल्ली?" तू म्हणतोस, "आण्णांना आता झेपत नाही." असं म्हणताना तू ग्रीसच्या डब्याकडे बघतोस, समोरच्या माणसाकडे नाही. न झेपायला काय झालंय रे त्यांना? परसातली लाकडं अजून स्वतः फोडतात. झेपत नाही ते तुला, आणि काय झेपत नाही तेही तुला पक्कं ठाऊक आहे. तू आपणहून तोंड उघडशील म्हणून थांबणं पुष्कळ झालं. बापाचं नाव गेलंय, आणि ते तुझ्यामुळे गेलंय. जे झालं ते जसं झालं तसं, परक्या माणसाची गोष्ट सांगावी तसं, इथे लिहिलंय. कुठे चुकलं असेल तर येऊन सांग.

तर हा जितेश खरवईचा. घरची बहुतेक भाताची खाचरं इमारतींखाली गेली आणि सोनिवलीच्या अंगाला एक उताराचा, खडबडीत तुकडा तेवढा उरला. तिथे भात पिकवण्यापेक्षा शहरी माणसांची हौस पिकवावी, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यानं वापरलेल्या चारचाकी बाईक, म्हणजे एटीव्ही, आणल्या, टायर रंगवून कुंपण केलं, पत्र्याची शेड उभारली. डोकं चांगलं चालतं त्याचं, ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त हाताला दम नाही. कुठलंही काम शेवटाला आलं की याचा जीव पुढच्या कामात गेलेला असतो.

शेवटाला न्यायचं काम आण्णांचं. आण्णांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उमेदीची वर्षं घातली. निवृत्त झाल्यावर गावातली पाण्याची मोटार, पिठाची गिरणी, कुणाची सायकल, सगळं त्यांच्या ओटीवर यायचं. "आण्णांनी बघितलंय" एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. म्हाताऱ्याची कमाई म्हणायची तर ही एवढीच.

एटीव्हीचं मागचं अंग समजायला फार शिकावं लागत नाही. दोन्ही चाकांना मिळून एकच लोखंडी दांडा, तो अ‍ॅक्सल. तो बेअरिंगवर फिरतो, चेन त्यालाच ओढते आणि ब्रेकही त्यालाच धरतो. गाडी चिखलातून आली की जितेश प्रेशरचं पाणी मारून ती चकचकीत करायचा आणि आण्णा शेडमधून ओरडायचे, "अरे, सीलवर नको मारू पानी! आत बेअरिंग हाय, तुझी न्हाणी नाय ती!" मग ते गाडीची मागची बाजू ओंडक्यावर टेकवायचे, चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. जरा खडखड आली की गाडी बाजूला. जितेश चिडायचा. "आण्णा, गिऱ्हाईक उभं आहे."

"उभंच ऱ्हाऊ दे. आडवं झालं म्हंजे कळंल."

शिरगावच्या सोसायट्यांतली भरल्या अंगाची मंडळी बायकोला मागे बसवून बांधावर चढायला लागली, तशा गाड्या कलंडायला आल्या. तेव्हा मागे रुंद अ‍ॅक्सल टाकायचं ठरलं, म्हणजे चाकं लांब जातात आणि गाडी फतकल मारून चालते. बापलेक उल्हासनगरला गेले. दुकानदार सिंधी, आण्णांच्या जुन्या ओळखीचा. "साईं, सुठो माल आहे, एकदम चांगला, डोळे मिटून घ्या," तो म्हणाला. आण्णांनी डोळे उघडे ठेवून अ‍ॅक्सल काउंटरच्या काचेवर गडगडत नेला, सरळ आहे ना ते पाहिलं आणि मगच मान डोलावली.

अ‍ॅक्सल बसवला तो खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते, हे सांगायला नको. पण आण्णांच्या घरात तिला कारखान्याची शिस्त. पाने, हातोडे, स्क्रूड्रायव्हर रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू देत.

दुपारभर खपून आण्णांनी बेअरिंगं बसवली, ग्रीस भरलं, चाकं ज्यांवर बसतात ते हब चढवले. राहिले दोन मोठे नट. तेही त्यांनी एकमेकांवर आवळले, म्हणजे एक दुसऱ्याला सुटू देत नाही. पण नवा अ‍ॅक्सल एकदा फिरला की जागेवर बसतो आणि नट किंचित ढिले पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात. आण्णा हात पुसत म्हणाले, "एक फेरी मारून आन नि परत आवळ. मोठा पाना मी मुद्दाम भायेर ठेवलाय. काम झाल्याबिगर पाटावर ठेवू नको." आणि ते आंघोळीला गेले.

जितेशनं फेरी मारली. मजा आली. परत आला तेव्हा शलाकानं, त्याच्या बायकोनं, शेडमध्ये पाट मांडून रांगोळी काढली होती. जितेशला फोटो काढून स्टेटसला टाकायचा होता. बारके बारके पाने आणि मधे जागा रिकामी! त्यानं सीटवरचा मोठा पाना उचलला, फडक्यानं पुसला आणि मधोमध ठेवला.

"अहो, तो आण्णांनी ठेवलाय ना बाजूला?" शलाका म्हणाली.

"झालं काम. मोठ्या पान्याशिवाय पूजा कसली?"

काम झालं नव्हतं. सकाळी नमस्कार करून पाना उचलू आणि आवळून टाकू, असं त्याच्या मनात होतं. त्यानं पान्याला कुंकू लावलं. फोटो छान आला.

दसऱ्याला सुट्टी. लोक नऊ वाजायच्या आतच दारात. हारांनी मढवलेल्या गाड्या, जितेशच्या कानाला फोन. आण्णांनी लांबूनच विचारलं, "आवळलास ना रे?" जितेशनं मान हलवली. होकाराचीच.

त्या गाडीवर मीनलताई बसल्या. अंबरनाथच्या, शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान देवदत्त कुंपणापाशी मोबाईल धरून उभे होते. उतारावर नट सुटले, अ‍ॅक्सल एका अंगाला सरकला, चेन उतरून अडकली आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. गाडी थांबली, बाई थांबल्या नाहीत. गळ्याखालचं हाड मोडलं.

त्यांना बांधावर टेकवून बसवलं, कुणी पाणी आणलं, कुणी गाडी काढायला पळालं. देवदत्त जितेशकडे वळले. "हे झालंच कसं? तपासता की नाही तुम्ही गाड्या?"

जितेशच्या तोंडून पहिलं निघालं ते हे: "उल्हासनगरचा माल, साहेब. डुप्लिकेट निघाला असणार."

"मालाला नको बोलू," आण्णा म्हणाले. ते वाकून अ‍ॅक्सल बघत होते. "माल चांगला हाय. नट सुटलेत."

"कोणी आवळले होते नट?" देवदत्तांनी विचारलं.

सगळे जितेशकडे बघायला लागले. त्या क्षणी एक शब्द पुरला असता, "मी." त्याऐवजी जितेश बापाकडे वळला आणि चढ्या आवाजात म्हणाला, "आण्णा, तू आवळलेलेस ना नीट?"

आण्णांनी शेडकडे पाहिलं. पाटावर मोठा पाना कुंकवासकट निजलेला होता. म्हाताऱ्याला सगळं कळलं. ते हळू उठले, गुडघ्याची माती झटकली.

"नाय. ऱ्हायलं माझ्याकडनं. माफ करा, बाई."

वेदनेनं कळवळत होत्या तरी मीनलताईच म्हणाल्या, "असू दे हो, बाबा." देवदत्त मात्र जितेशला बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालंय त्यांचं. असल्या कामाला हात लावू देत जाऊ नका." आणि जितेश म्हणाला, "नाही देणार, साहेब."

दवाखान्याचा सगळा खर्च जितेशनं केला, त्यात त्यानं कसूर केली नाही. पण गावात बातमी पोचायला किती वेळ लागतो? आण्णांचा हात गेला म्हणे. मोटारी ओटीवर यायच्या थांबल्या. गिरणीवाल्यानं बदलापुरातून मिस्त्री बोलावला. आण्णा शेडमध्ये यायचे बंद झाले ते कुणी सांगितलं म्हणून नाही. ते आले की जितेशच्या हातून पाना खाली पडायचा, एवढं त्यांना दिसत होतं.

आता जितेश प्रत्येक फेरीनंतर नट आवळतो. गरज नसली तरी आवळतो. मागची बाजू ओंडक्यावर टेकवून चाक हलवतो, मान तिरकी करतो, आणि कान तापतात त्याचे. घरात ताटावर बसला की समोर आण्णा. ते विचारतात, "बेअरिंग गरम होतात का?" तो "नाय" म्हणतो आणि आमटीत बघतो. शलाका एकदाच बोलली, भाकरी थापता थापता. "पाना तुम्ही ठेवलात. मी बघितलंय. मला नका सांगू, जिथे सांगायचं तिथे सांगा."

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास तो ओटीवर आण्णांच्या शेजारी जाऊन बसला. बराच वेळ खिळा घेऊन जमीन उकरत होता.

"आण्णा, सोमवारी अंबरनाथला जाऊ. मीनलताईंकडे. मी सांगतो त्यांना."

"काय सांगतो?"

"ते... नटाचं."

आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "जाऊ की," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "रिकाम्या हाती नको जायला. फळं घे."

सोमवारी आण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी झटकली आणि ओटीवर येऊन बसले. जितेश फळं घेऊन फाट्यापर्यंत आला होता. तिथून त्यानं फोन केला. कंपनीचं मोठं बुकिंग आलंय, पुढच्या सोमवारी जाऊ. बुकिंग नव्हतं. फळं त्यानं शेडमध्ये ठेवली आणि ती तिथेच सडली.

पुढच्या सोमवारी आण्णा पुन्हा सदरा घालून बसले. जितेश बेअरिंगं आणायला उल्हासनगरला गेला होता. अंबरनाथवरूनच गेला, आणि अंबरनाथवरूनच परत आला.