दोन सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने अजून माझं डोकं फिरतं. ग्रीन कार्ड आलं त्या उन्हाळ्यात, आमच्या चँडलर गावातल्या बंदुकांच्या दुकानात असाच वास होता. नवऱ्याने सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर निवडलं. "गोळ्या भरायची फिरती सिलिंडर बदलायला दोन मिळतात. एकात साधी बावीसची गोळी, दुसऱ्यात जास्त जोराची मॅग्नम," मिक्सरबरोबर जादा भांडं मिळावं तसा खूश होऊन तो म्हणाला. "दिवसभर घरात एकटी असतेस, तुझ्यासाठीच घेतोय." मी दोन वर्षं ड्रायव्हिंग शिकव म्हणून मागे लागले होते, त्याला वेळ नव्हता. "यावर बसून मी लायब्ररीत जाऊ का?" मी विचारलं. तो हसला आणि फॉर्म भरू लागला. गाडी मला शेवटी शेजारच्या काकूंनी शिकवली. रिव्हॉल्व्हर अजून खोक्यातच आहे, आणि तो अजून म्हणतो, डील चांगलं होतं.